कागलच्या ओसरीवरचीं इवलीं कुत्रीं

कोल्हापूर सोडून बंगळूरच्या हमरस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे सुमारें २० किलोमीटरांवर कागल लागतें. पुढें दूधगंगेचा पूल ओलांडला कीं कर्नाटकाची हद्द सुरू होते. त्यामुळें या रस्त्यानें जाणारा प्रवासी बहुधा निपाणी-बेळगांवाकडचा असतो. उंसाचे मळे, साखर कारखाना आणि औद्योगिक वसाहत एवढें गाडीच्या खिडकींतून पाहून तो निघून जातो. परंतु ज्याला कागल पाहावयाचें असेल त्यानें हमरस्ता सोडून गांवांत शिरावें आणि गैबी चौकापासून जुन्या वस्तीकडे पायीं जावें. दगडी जोतें, पुढें ओसरी, मध्यें चौक, परसांत आड, असा घरांचा जुना घाट अद्यापि कोठें कोठें दृष्टीस पडतो. घाटगे घराण्याच्या जहागिरीचें हें गांव. राजर्षि शाहू छत्रपति जन्मानें याच घराण्यांतले. २६ जून १८७४ रोजीं जन्मलेले कागलकर घाटग्यांचे यशवंतराव १८८४ सालीं कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू झाले, हें आपल्या वाचकांस ठाऊकच आहे. ‘झोंबी’चे लेखक आनंद यादव हेहि याच मातींतले.

या मुलखाला धिप्पाड जनावरांची आवड पहिल्यापासून आहे. तालमींतला पैलवान, शर्यतीचा बैल आणि दोन्ही वेळ चरवी भरणारी म्हैस हीं येथील अभिमानाचीं स्थानें. कोल्हापूर दरबारीं हरणांच्या शिकारीसाठीं चित्ते पाळीत असत. पूर्वेकडे मुधोळच्या घोरपडे राजांनीं जोपासलेलीं लांब पायांचीं, निमुळत्या तोंडाचीं शिकारी कुत्रीं त्या संस्थानच्या नांवानेंच आज ओळखलीं जातात; २००५ सालीं भारताच्या टपाल खात्यानें त्यांचें तिकीटहि काढलें. शेतकऱ्याचें कुत्रें तर मळ्यांतच राहावयाचें. उंसांत डुकरें शिरलीं तर त्यानें ओरडावें, गुरांपाशीं निजावें आणि उरलेल्या भाकरीवर व ताकावर संतोष मानावा, असा त्याचा आणि धन्याचा अलिखित करार होता.

अशा या गांवीं गेल्या थंडीच्या दिवसांत एका स्नेह्यांकडे आठ-दहा दिवस राहण्याचा योग आला. सकाळीं जयसिंगराव तलावाच्या बाजूस फिरावयास जातांना जी गोष्ट डोळ्यांत भरली ती ही, कीं ओसऱ्यांवर आतां मांजराएवढालीं कुत्रीं बसलेलीं असतात. एका दारीं पांढरेंशुभ्र पामेरियन, पलीकडे चपट्या नाकाचें पग, कोठें डोळ्यांवर केसांचा पडदा आलेलें शिह-त्झू, आणि एका बंगल्यांत तर ओंजळींत मावेल असें चिवावा जातीचें पिलूं. पामेरियनाविषयीं येथें एक खुलासा केला पाहिजे. खरें पामेरियन वजनानें दीड ते सव्वातीन किलो भरतें. आपल्याकडे ज्याला सरसकट त्या नांवानें हांक मारतात तें बहुधा त्याचें थोरलें भावंड, इंडियन स्पिट्झ असतें. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांतील टफी नांवाचें कुत्रें याच जातीचें. पुढें २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातींतून पग घरोघर पोंचला. पडद्यावर पाहिलेला प्राणी मुलांनीं मागितला, तो शहरांतून आणला, आणि पुढें काय करावयाचें याचा विचार मागाहून सुरू झाला, अशी हकीकत मीं कागलांत दोन-तीन घरीं ऐकली.

आपल्या परंपरेनें श्वानाला मान दिला नाहीं असें कोणी म्हणूं नये. ऋग्वेदांतील सरमा इंद्राची दूती आहे. महाप्रस्थानाच्या वेळीं धर्मराजानें कुत्र्यास सोडून स्वर्गाच्या रथांत पाय ठेवण्यास नकार दिला. पाणिनीनें तर श्वन्, युवन् आणि मघवन्, म्हणजे कुत्रा, तरुण आणि प्रत्यक्ष इंद्र, यांना एकाच सूत्रांत ओंवलें. हा विनोद संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें केव्हां तरी ऐकलेला असतो. चाणक्याच्या नांवावरील नीतिग्रंथांत कुत्र्यापासून शिकण्याजोगे सहा गुण सांगितले आहेत. मिळालें तर पोटभर खाणें, न मिळालें तर थोडक्यांत समाधान मानणें, गाढ निजूनहि चटकन् जागें होणें हे त्यांतले तीन. याच जिल्ह्यांत नरसोबाची वाडी आहे, आणि श्रीदत्तात्रेयांच्या तसबिरींत पायांशीं चार श्वान नाहींत असें घर विरळा. वैश्वदेवानंतर यमाच्या श्याम व शबल या दोन श्वानांच्या नांवानें बलि ठेवण्याची रीत आपल्या वाडवडिलांनीं पाळली. परंतु हा सारा मान उंबरठ्याबाहेरचा होता. कुत्रें माजघरांत येऊन गादीवर निजूं लागलें ही गोष्ट अगदीं अलीकडची. या नव्या सहवासाचे नियम त्याला कोणी शिकविलेले नाहींत आणि आपणहि शिकलेले नाहींत. सगळा घोटाळा येथून सुरू होतो.

इतक्या लहान चणीचा प्राणी झाला तरी कसा? शरीराची वाढ ठरविणाऱ्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार लहान कुत्र्यांत आढळतो असें २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. पुढें २०२२ सालीं असें निष्पन्न झालें कीं हा प्रकार माणसानें निर्माण केलेला नसून सुमारें ५४,००० वर्षांपूर्वींच्या एका लांडग्याच्या अवशेषांतहि तो होता. निसर्गानें बीज राखलें होतें, माणसानें तें निवडून निवडून पेरलें. चीनच्या राजवाड्यांत पेकिंगी कुत्रीं अशीच पिढ्यान् पिढ्या जोपासलीं गेलीं. १८६० सालीं पेकिंगजवळचा राजवाडा इंग्रज-फ्रेंच सैन्यानें लुटला तेव्हां त्यांतलें एक कुत्रें व्हिक्टोरिया राणीस नजर करण्यांत आलें, आणि त्याचें नांवच ‘लूटी’ ठेविलें गेलें. आपल्या ‘लूट’ या शब्दाचा तो प्रवास पाहून हंसावें कीं रडावें तें कळत नाहीं. याच राणीनें १८८८ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स येथून पामेरियन आणलें आणि त्या जातीचें नशीब उघडलें. बाल्टिक समुद्रालगतच्या पोमेरानिया प्रांतावरून तिला नांव मिळालें. चिवावा हें नांव मेक्सिकोंतील एका प्रांताचें.

या निवडीनें देह आटला, पण कुत्र्याचें मन आटलें नाहीं. तीन किलोच्या त्या गोळ्यांत वास घेण्याची, राखण करण्याची, आपली जागा सांभाळण्याची आणि भय वाटलें तर दांत दाखविण्याची सारी वृत्ति मुधोळच्या शिकारी कुत्र्याइतकीच शाबूत आहे. फरक एवढाच कीं शिकारी कुत्रें गुरगुरलें तर माणूस दोन पावलें मागें सरतो; हें गुरगुरलें तर माणूस हंसतो आणि त्याला उचलून घेतो. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ सालीं निरनिराळ्या जातींच्या आक्रमकपणाची तुलना केली. तींत चिवावा व डॅक्सहंड या लहान जाती वरच्या क्रमांकांत आल्या. व्हिएन्ना येथील पशुवैद्यक विद्यापीठांत २०१० सालीं झालेल्या अभ्यासांत त्याच्या कारणावर प्रकाश पडला. लहान कुत्र्यांचे मालक त्यांच्याशीं एकसारखें वागत नाहींत, आज एक नियम तर उद्यां दुसरा, आणि त्यांच्याबरोबर खेळणें-शिकविणेंहि कमी होतें, असें तेथें दिसून आलें. आम्हां शिक्षकांना यांत नवल वाटूं नये. ज्या वर्गाला रोज नवा शिक्षक आणि रोज नवी शिस्त, तो वर्ग गोंगाट करणारच.

माझ्या स्नेह्यांच्या घरीं याचें मूर्तिमंत उदाहरण होतें. घरांत लहानथोर चौदा माणसें आणि मोत्या नांवाचें तीन वर्षांचें पामेरियन. त्यानें आदल्या महिन्यांत धाकट्या नातवाच्या बोटास चावा घेतला होता. मुलाला दवाखान्यांत नेऊन इंजेक्शनें दिलीं, तो धोका टळला. परंतु मोत्याला मळ्यावर नेऊन सोडावें असें घरांत ठरत आलें होतें. आजी तेवढ्या विरुद्ध होत्या. वास्तविक सोंवळ्याओंवळ्यावरून त्यांचें आणि मोत्याचें मुळींच सूत नव्हतें. तरी त्या म्हणाल्या, “मास्तर, मळ्यांतलीं कुत्रीं ह्याला रात्र काढूं देतील का? घरांत नको असेल तर नको म्हणा, पण मळ्यावर सोडतों असें गोड नांव देऊं नका.”

दुसऱ्या दिवशीं मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलों आणि मोत्याकडे लक्ष ठेविलें. सकाळच्या चहापासून दुपारच्या जेवणापर्यंत त्याला तेवीस वेळां उचललें गेलें. शाळेस जाणाऱ्या मुलींनीं उचललें, दूधवाल्यास दाखविण्यासाठीं उचललें, केर काढतांना वाटेंतून दूर करण्यासाठीं उचललें; निजलेला असतां तर चार वेळां. प्रत्येक वेळीं तो आधीं तोंड फिरवी, जिभेनें ओंठ चाटी, उगीच जांभई देई, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसेल असा तिरपा पाही. कुत्र्याच्या भाषेंत हीं सर्व ‘आतां पुरे’ म्हणण्याचीं चिन्हें आहेत. तीं कोणी वाचलीं नाहींत म्हणजे तो गुरगुरे, आणि गुरगुरल्याबद्दल टपली खाई. टपली देऊन गुरगुरणें बंद केलें तर कुत्रें शांत होत नाहीं. तें न सांगतां चावूं लागतें.

त्या रात्रीं जेवणानंतर सर्वांसमक्ष हें बोलणें झालें. माझ्या स्नेह्यांनीं मोठ्या मनानें तें मानलें आणि तीन नियम ठरले. जिन्याखालच्या कोपऱ्यांत मोत्याचें अंथरूण; तो तेथें असतां कोणीहि हात लावावयाचा नाहीं. त्याला उचलावयाचें नाहीं; मुलांनीं जमिनीवर बसून हांक मारावी, आला तर आला. आणि खाणें एकट्या थोरल्या सूनबाईंनीं द्यावें, तेंहि आधीं ‘बैस’ म्हणून बसवून. मी निघेपर्यंत कांहीं चमत्कार झाला नाहीं. पाहुणा आला कीं मोत्या पूर्वीसारखाच भुंके. परंतु कोपऱ्यांतून आपण होऊन बाहेर येऊन तो त्याच नातवाच्या मांडीपाशीं बसलेला मीं पाहिला. शिमग्याच्या सुमारास फोन आला तेव्हां मोत्या घरींच होता, आणि मळ्याचा विषय निघालेला नव्हता.

आतां देहाची काळजी. येथें सर्व कांहीं मापाचें आहे, आणि एकत्र कुटुंबांत माप हीच गोष्ट अवघड, कारण प्रत्येकाला एक घांस द्यावासा वाटतो. तीन किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. तुपाची एक पोळी म्हणजे त्याचें जवळजवळ अर्धें जेवण, आणि बेसनाचा एक मोठा लाडू म्हणजे बहुतेक सबंध दिवसाचें. चौदा माणसांनीं प्रेमानें एकेक घांस दिला तर त्या प्राण्याचें काय होत असेल याचा हिशेब वाचकांनींच करावा. माणसाच्या सहवासांत राहून कुत्रें पीठूळ अन्न पचवूं लागलें आहे हें खरें. तरी नुसत्या दहीभातावर त्याचें पोषण होत नाहीं, त्याला प्रथिनें अधिक लागतात. ज्या घरीं मांसाहार नाहीं तेथें तयार खाद्य द्यावें, अथवा पशुवैद्यांस विचारून आहार ठरवावा. शिऱ्यांतले व पंचखाद्यांतले बेदाणे त्याला कदापि देऊं नयेत. द्राक्षें व बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. तासगांवचा बेदाणा घरोघर असणाऱ्या आपल्या भागांत हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. कांदा-लसूण रक्तांतील तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेट विषारी आहे. आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. याच्या उलट अगदीं लहान पिलाला उपाशी ठेवणें घातक. तीन-चार महिन्यांच्या आंतलें पिलूं कांहीं तास न खाल्ल्यानें साखर उतरून थरथरूं लागतें, मलूल पडतें. त्याला दिवसांतून चार-पांच वेळां थोडें थोडें खावयास द्यावें. असा प्रसंग आलाच तर हिरड्यांना मध किंवा साखरेचें पाणी चोळून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें.

दुसरी काळजी हाडांची. वाड्यांतला झोपाळा, उंच जोतें, सरळसोट जिना आणि पलंग हे या कुत्र्यांचे शत्रु होत. मुलाच्या हातून सुटून पडलें तरी त्याच्या पुढच्या पायाचें हाड मोडतें. गुडघ्याची वाटी सरकणें हा लहान जातींतला नेहमींचा दोष आहे. चालतां चालतां मागचा एक पाय उचलून तें लंगडी घालूं लागलें तर त्याला खेळ समजूं नये. श्वासनलिका नाजूक असल्यानें दोरी गळ्याच्या पट्ट्यास न बांधतां छातीवरून जाणारा पट्टा वापरावा. दांतांवर लवकर कीट बसतें. तें कुत्र्यांच्याच दंतमंजनानें घांसावें, माणसांच्या नव्हे.

तिसरी ऋतूंची. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाहीं. धापा टाकून तें अंगांतली उष्णता बाहेर टाकतें. पगाचें नाकच आंखूड, त्यामुळें चैत्र-वैशाखांतल्या दुपारीं त्याला फिरावयास नेणें म्हणजे जीवावर उदार होणें. पामेरियनाचे केस उन्हाळ्यांत सपाट कापूं नयेत. ते ऊनहि अडवितात, आणि पुनः नीट येतीलच असें नाहीं. पावसाळ्यांत अंग कोरडें करावें, कानामागें व बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावे, आणि उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या डबक्यांतलें पाणी पिऊं देऊं नये, कारण त्यांतून लेप्टोचा रोग जडतो.

चौथी लसीची. ‘आमचें कुत्रें घराबाहेर जात नाहीं, त्याला लस कशाला?’ हा प्रश्न मला कागलांत तीन ठिकाणीं विचारण्यांत आला. पाश्चरनें १८८५ सालीं पहिल्यानें माणसावर पिसाळरोगाची लस वापरली. त्याला एवढीं वर्षें लोटलीं तरी एकदां लक्षणें दिसूं लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमींच प्राण घेतो. दार उघडें राहण्यास आणि गल्लींतल्या कुत्र्याशीं गांठ पडण्यास एक क्षण पुरतो. तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस, आणि पुढें डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें दरसाल. चावा लहान कुत्र्याचा असला तरी जखम पंधरा मिनिटें साबणानें व वाहत्या पाण्यानें धुवावी, चुना-तिखट कांहीं लावूं नये, आणि दवाखाना गांठावा. तालुक्याच्या ठिकाणीं सरकारी पशुवैद्यांकडे बहुतेक काम गाईम्हशींचें असतें; म्हणून जातांना कुत्र्याचें वजन टिपून न्यावें, कारण या प्राण्यांना औषध थेंबाच्या हिशेबानें लागतें.

विकत घेणारांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें आठ आठवड्यांहून लहान पिलूं विकतां येत नाहीं. ‘चहाच्या पेल्यांत मावतें’ अशी जाहिरात करून जें विकलें जातें तें पुष्कळदां आईपासून अकालीं तोडलेलें किंवा जन्मतःच अशक्त असतें, आणि तसलीं पिलें मिळावींत म्हणून त्यांच्या आईचे जे हाल होतात ते खरेदी करणारास दिसत नाहींत. आई दाखवा, मग पिलूं पाहूं, असें विक्रेत्याला सांगण्यास संकोच वाटूं देऊं नये.

लहान जातीचीं कुत्रीं बारा ते पंधरा वर्षें जगतात, कांहीं त्याहूनहि अधिक. म्हणजे चौथींतल्या मुलाच्या हट्टासाठीं आणलेलें पिलूं म्हातारें होईल तेव्हां तो मुलगा शिक्षण संपवून पुण्या-मुंबईस नोकरीला असेल, आणि डोळ्यांत मोतीबिंदु आलेल्या त्या कुत्र्याला अंगणांत नेण्याचें काम घरीं राहिलेल्या कोणाकडे तरी येईल. आपल्या एकत्र कुटुंबांत ‘सर्वांचें’ म्हणून जें असतें तें पुष्कळदां कोणाचेंच नसतें. तेव्हां पिलूं घरीं येण्यापूर्वींच सर्वांनीं बसून, याचें खाणें, लस आणि म्हातारपण कोणाच्या नांवावर, हें ठरवावें. तसें नांव सांगण्यास घरांतलें एकहि माणूस पुढें येत नसेल, तर वैश्वदेवाचा घांस पूर्वीप्रमाणें दाराबाहेर ठेवणें हेंच त्या घराला आणि त्या जीवाला अधिक हितकर.